दोन राष्ट्राध्यक्ष आणि एक खुर्ची

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सबनीस मॅडम, इतकी वर्षं शिकवलंत, मुलांच्या गमतीजमती लिहा. दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं असू द्या." गमतीजमती माझ्याकडे पोतंभर आहेत. हिस्ट्रीची ट्यूशन लावली तर मॅथ्सवाल्या सरांकडे डिस्काउंट मिळेल का, असं विचारणारे पालक मी पाहिले आहेत. पण लिहायला बसले की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते आणि ती हलकीही नाही, फुलकीही नाही. संपादकांनी क्षमा करावी.

मी इतिहासाची शिक्षिका. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. गुडघ्यांनी तिसऱ्या मजल्यावर यायला साफ नकार दिला तेव्हा नोकरी सोडली आणि घरी ट्यूशन सुरू केली. दुबईत ट्यूशन म्हणजे गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. त्या मास्तरांच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. इतिहासाला ट्यूशन म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "खरंच कुणी येतं?" येतात. इथल्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांत आपली बरीच मुलं आहेत. त्यांना अमेरिकेचा इतिहास असतो, लांबलचक निबंध लिहायचे असतात आणि घरात त्यातलं कुणालाच ओ की ठो कळत नाही. मलाही कळत नव्हतं. पन्नाशीला आल्यावर जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून मी अमेरिका शिकले, मुलांच्या फक्त दोन धडे पुढे राहून. हे पालकांना मी कधी सांगितलं नाही, आज सांगते.

त्या अभ्यासक्रमात एक प्रश्न दरवर्षी या ना त्या रूपाने येतोच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत दोन राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, दोघेही सुधारणावादी. त्यांच्या देशांतर्गत धोरणांची तुलना करा. त्यांची खरी नावं पुस्तकात आहेत. माझ्या टेबलावर त्यांची नावं 'मिशीवाले' आणि 'मास्तर' अशी होती आणि इथंही मी तीच ठेवते. मिशीवाले धिप्पाड, गडगडाटी, शिकारीचे शौकीन. आधीच्या अध्यक्षांना कुणीतरी गोळी घातली म्हणून अचानक खुर्चीवर आलेले. मास्तर खरेच मास्तर, विद्यापीठात शिकवून तिथून राजकारणात शिरलेले, चष्मा, सुबक बोलणं. एका निवडणुकीत हे दोघे समोरासमोर उभेही राहिले होते. एका ट्रेडिंगवाल्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, "दोघांत जिंकलं कोण?" मी म्हटलं, मास्तर. "मग त्या दुसऱ्याचं कशाला शिकवता?" म्हणाले.

शिकवायची माझी पद्धत सोपी होती. कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे मिशीवाले, उजवीकडे मास्तर. मिशीवाल्यांनी बाजार गिळून बसलेल्या बड्या कंपन्या कोर्टात खेचल्या, मास्तरांनी त्यांच्यासाठी नवा कायदाच केला. मिशीवाल्यांनी खाण्यापिण्यातल्या भेसळीला लगाम घातला आणि जंगलं राखली. मास्तरांनी आयातीवरचा कर उतरवला, बँकांची घडी बसवली, रेल्वेच्या कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. लहान मुलांना कारखान्यात जुंपू नये म्हणूनही त्यांनी कायदा केला, पण तो पुढे कोर्टाने रद्द केला. असं डावं-उजवं भरत गेलं की निबंध आपोआप उभा राहतो, मार्क मिळतात आणि पालक मिठाई आणतात.

मला स्वतःला मास्तर जास्त आवडायचे. जातभाई म्हणा हवं तर. मिशीवाल्यांचा आरडाओरडा मला सोसायचा नाही. मास्तरांच्या रकान्यातली एक ओळ मात्र मी नेहमी घाईघाईने शिकवत असे. त्यांच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांतून काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली, कुठे कुठे मध्ये आडोसेही घातले. त्याबद्दल दाद मागायला लोक आले तेव्हा हे तुमच्याच भल्याचं आहे, अशी मास्तरांनी त्यांची समजूत घालू पाहिली आणि एक जण वाद घालायला लागला तसे ते चिडले. ही ओळ मी सांगायचे आणि लगेच बँकांकडे वळायचे.

माझ्या शिकवण्यात आणखी एक गोष्ट होती, तिचा मला फार अभिमान होता. प्रत्येक धड्यामागे मुलांना मी एक 'घरचा प्रश्न' द्यायचे. तो घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचा आणि उत्तर लिहून आणायचं, तेही हाताने. टाइप केलेलं मी घेत नसे, कारण टाइप करायला बसली की मुलं आजीला विचारायच्या ऐवजी कॉम्प्युटरला विचारतात. भेसळीच्या धड्याला प्रश्न होता, तुम्हाला कुणी कधी खाण्यात फसवलं का? एका मुलीची सांगलीची आजी व्हिडिओ कॉलवर पाऊण तास दूधवाल्याबद्दल बोलली. आयात कराच्या धड्याला, कस्टमने तुम्हाला कधी अडवलं का? बँकेतल्या एका अतिशय गंभीर गृहस्थांच्या बॅगेतून कस्टमवाल्यांनी सुके बोंबील काढून टेबलावर मांडले होते, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. पुढे लिफ्टमध्ये भेटले की ते छताकडे बघायचे.

ईशा आंब्रे माझ्याकडे आली तेव्हा सोळा वर्षांची होती. वडील चंद्रकांत आंब्रे, मूळचे गुहागर तालुक्यातले, इथं कॉन्ट्रॅक्टर. दोनशे माणसं हाताखाली. ते स्वतः तीस-एक वर्षांपूर्वी साइटवर सुतार म्हणून आले होते, काँक्रीट ओतायच्या आधी लाकडी साचे बांधतात ते काम करायला. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, मी दहावी. हिला अमेरिकेत पाठवायची आहे, इन्शाल्ला. फी किती ते सांगू नका, फक्त पोरीला घडवा." ईशा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची, पण ऐकायची मन लावून. दोघा बापलेकीत फारसं बोलणं नव्हतं. "बाबा इज ऑल्वेज ऑन द फोन," एवढंच ती त्यांच्याबद्दल सांगायची. तिचा मोठा निबंध याच दोन राष्ट्राध्यक्षांवर होता. तो कॉलेजच्या अर्जासोबत अमेरिकेत जायचा होता, म्हणून घरात त्याचा मोठा दबदबा होता.

आम्ही कोळसा खाणीच्या संपाशी आलो. मिशीवाल्यांच्या रकान्यातली ही माझी आवडती गोष्ट. खाणकामगार महिनोन्‌महिने संपावर, हिवाळा तोंडावर, घरांत कोळसा नाही. आधीच्या अध्यक्षांनी अशा वेळी मालकांच्या बाजूने सैन्य धाडलं असतं. यांनी दोघांनाही बोलावलं, मालकांनाही आणि कामगारांच्या पुढाऱ्यालाही, एकाच खोलीत. स्वतः पाय दुखावल्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसलेले. मालक त्या पुढाऱ्याशी बोलायलाही तयार नव्हते. शेवटी तडजोड झाली, मागितली होती त्याच्या निम्मी पगारवाढ मिळाली, कामाचे तास थोडे कमी झाले. मी मुलांना सांगायचे, काय मिळालं ते नंतर बघा, आधी हे बघा की दोघांना खुर्ची मिळाली.

आणि सवयीप्रमाणे मी घरचा प्रश्न देऊन टाकला. तुम्ही कधी काम थांबवलं होतं का?

इथं राहून तीसेक वर्षं झाली आणि तरीही माझ्या लक्षात आलं नाही की हा प्रश्न या देशात कुणी कुणाला विचारत नाही. काम थांबवणं इथं चालत नाही, आणि थांबवलं असेल तर त्याबद्दल कुणी बोलत नाही. बाकीच्या मुलांची उत्तरं एका ओळीची आली. एकाने लिहिलं होतं, माझे बाबा कामच थांबवत नाहीत, हीच आईची तक्रार आहे. ईशाने मात्र चार पानं आणली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि मला वाचून दाखवली. वाचताना ती नेहमीपेक्षा हळू बोलत होती.

फुजैराला बंदराजवळ तेलाच्या टाक्यांचं बांधकाम चालू होतं. आंब्रे तिथं सुतार होते, वय तेवीस. त्यांच्याच वाडीतला गणपत नावाचा माणूस आधीपासून तिथं होता, त्यानेच आंब्र्यांच्या व्हिसाची खटपट करून त्यांना आणलं होतं. उन्हाळा होता. साइटवर प्यायचं पाणी लोखंडी टाकीत यायचं आणि दहा वाजेपर्यंत ते हाताला चटका देण्याइतकं तापायचं. एक माणूस चक्कर येऊन पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपाशी बस थांबली आणि कुणी उतरलंच नाही. चाळीस माणसं बसमध्ये बसून राहिली. उतरायचं नाही, हे गणपतने ठरवलं होतं. मॅनेजरने निरोप पाठवला, एक माणूस आत पाठवा. गणपत आंब्र्यांना म्हणाला, "तू जा, तुझी हिंदी बरी आहे."

आत एसी होता. मॅनेजरने खुर्ची दिली, चहा मागवला. या देशात आल्यावर आपण पहिल्यांदाच खुर्चीवर बसलो, असं आंब्र्यांनी मुलीला सांगितलं होतं. आजवर बसायचं म्हणजे बसचं बाक, कॉट नाहीतर जमीन. मॅनेजर रागावला नाही. पाण्याचं बघतो म्हणाला. मग त्याने विचारलं, हे सुरू कुणी केलं? आणि आंब्र्यांनी नाव सांगितलं. चहा संपायच्या आत सांगितलं.

बस रिकामी झाली, काम सुरू झालं. चार दिवसांत साइटवर थंड पाण्याचं मशीन आलं. त्याच आठवड्यात गणपतला परत पाठवलं. पुढच्या महिन्यात आंब्रे फोरमन झाले. घरी त्यांनी सांगितलं, गणपतची तब्येत बरी नव्हती म्हणून तो गेला. त्यानंतर आंब्रे वाडीत गेलेच नाहीत. आईवडिलांना त्यांनी चिपळूणला फ्लॅट घेऊन दिला आणि सुट्टीत तिथूनच परत यायचे.

ईशा कागद खाली ठेवून म्हणाली, "मॅम, बाबा क्राइड. आईलापण माहीत नाही." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला पहिल्यांदाच वडील भेटले होते, असं मला वाटलं. तिने निबंधात तिसरा भाग घालायचं ठरवलं होतं. दोघांना खोलीत बोलावलं तर काय होतं आणि एकालाच बोलावलं तर काय होतं. मास्तरांच्या आडोशांची ओळ, जी मी पळवत असे, तीही ती त्याच भागात आणणार होती. सुधारणा झाली, पण दार कुणासाठी उघडलं आणि कुणासाठी नाही, हा तिचा मुद्दा होता. सव्वीस वर्षं आणि वर ट्यूशनची सहा, एवढ्या काळात इतकं चांगलं माझ्या टेबलावर कुणी काही आणलं नव्हतं. मी तिला तसं म्हणालेही. तिची चार पानं मी माझ्या फाइलमध्ये लावली आणि निबंधाचा तो भाग लिहायला सांगितलं.

पुढच्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास आंब्रे आले. हातात खजुराचा डबा. बसले, पाणी प्याले, डबा टेबलावर ठेवला आणि तो नीट सरळ करत राहिले.

"मॅडम, पोरीला मी सांगितलं ते सांगितलं. का सांगितलं मलाच माहीत नाही. वही-पेन घेऊन समोर बसली आणि विचारायला लागली. मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. पण लिहायला नव्हतं सांगितलं."

मी म्हटलं, "तिने फार चांगलं लिहिलंय."

"चांगलंच लिहिलं असणार. पण ते शाळेत जाणार ना? त्या शाळेत माझ्या क्लायंटची मुलं आहेत. माझ्याकडे दोनशे माणसं आहेत, मॅडम. उद्या त्यांच्यातला एक जण बोलला, साहेब तर असा माणूस आहे, तर मी काय तोंड दाखवू? आणि हिच्या आईला हे माहीत नाही. तेवढं पान काढा आणि खलास. आणि मी आलो होतो म्हणून तिला सांगू नका. बापाने काढायला लावलं असं वाटायला नको तिला."

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, हे आता मला लख्ख दिसतं. ईशाला बोलवायला हवं होतं. समोर बसवून म्हणायला हवं होतं, हे तुझे बाबा, हे त्यांचं म्हणणं, आता तू तुझं सांग. कदाचित तिने ऐकलंही असतं त्यांचं, स्वतःहून काढलं असतं. मी सहा वर्षं मुलांना शिकवत होते की दोघांना खुर्ची द्यावी लागते. माझ्या टेबलाला खुर्च्या सहा आहेत. मी एकाचंच ऐकलं आणि म्हटलं, "काळजी करू नका." त्यांना खात्री वाटावी म्हणून फाइलमधली ती चार पानं काढून त्यांच्या देखत फाडली, दोनदा, आणि टोपलीत टाकली. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडं मोठं झाल्यासारखंही वाटलं, कुणाची तरी अब्रू आपण राखतो आहोत म्हणून.

सोमवारी ईशा आली. मी तिला सांगितलं, तिसरा भाग लिहू नकोस. विषयाला सोडून होतंय, प्रश्न देशांतर्गत धोरणांचा आहे, परीक्षक मार्क कापतील. आणि वर म्हणाले, "तुझ्याच भल्याचं सांगतेय." हे शब्द आपण कुठून उचलले, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. नंतर आलं.

ती म्हणाली, "बट मॅम, यू आस्क्ड. तुम्हीच विचारायला सांगितलं."

मी म्हटलं, "विचारणं वेगळं, लिहिणं वेगळं." टेबलावर खजुराचा डबा तसाच होता. मी तो तिच्यापुढे सरकवला. तिने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "नो, थँक्यू" म्हणून वही उघडली. मधोमध रेघ मारली आणि दोन रकान्यांचा निबंध लिहिला. पैकीच्या पैकी मार्क पडले. आंब्रे मिठाई घेऊन आले. घरच्या प्रश्नांची उत्तरं मात्र तिने त्यानंतर आणली नाहीत. मी विचारलं की म्हणायची, बाबा बिझी आहेत. पुढे ती अमेरिकेत गेली. इतिहास घेतला नाही, अकाउंटिंग घेतलं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. गेल्या मार्चमध्ये एका संध्याकाळी आंब्रे न कळवता आले. केस बरेच पांढरे झालेले. उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, गणपत गेला. गावाहून फोन आला."

मी त्यांना बसवलं. ते म्हणाले, "वहिनीला, त्याच्या बायकोला, भेटायला जातोय. पण मला तोंडाने सांगता येणार नाही. पोरीने लिहिलं होतं ना, ते द्या मला. तुम्ही मराठीत करून द्या, मी वाचून दाखवतो. वाचायला जमेल."

माझी नजर टोपलीकडे गेली. तेच म्हणाले, "फाडलंत ते मी बघितलं. पण मास्तर लोक कॉपी ठेवतात ना?"

कॉपी नव्हती. हाताने लिहायचं, हा माझाच नियम. ईशाच्या कॉम्प्युटरमध्येही ते कधी नव्हतं. निबंधाचा तिसरा भाग तिने सुरू करायच्या आतच मी थांबवला होता. मी म्हटलं, ईशाला विचारू. आंब्रे म्हणाले, "मी विचारलं. मॅमना विचारा म्हणाली."

अमेरिकेत सकाळ होती. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मध्ये ठेवला. म्हटलं, "ईशा, बाबा इथंच आहेत. तुझी ती चार पानं मी फाडली. त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले."

"आय नो, मॅम," ती म्हणाली. "मी खाली कारमध्ये होते. बाबा वर गेले डबा घेऊन. मंडेला तो डबा तुमच्या टेबलवर होता. मीच निवडला होता तो, दुकानात."

आंब्र्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं, ती खाली गाडीत होती हे त्या दिवशी त्यांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. मी विचारलं, "बेटा, तुला त्यातलं काही आठवतं का? बाबांना हवं आहे."

"नो. मला काही आठवत नाही." मग म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा सांगितलं होतं ना? परत सांगा. मला नको, गणपतकाकांच्या घरी सांगा." आणि क्लासला उशीर होतोय म्हणून तिने फोन ठेवला.

आंब्रे गावी जाऊन आले. आल्यावर पुन्हा माझ्याकडे आले आणि त्याच खुर्चीत बसले. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाले, "चहा नको, मॅडम. बसा तुम्ही."

"तीस वर्षांनी गेलो वाडीत. रस्ता झालाय घरापर्यंत. वहिनी ओटीवर होती. मला वाटलं होतं, उंबऱ्यात उभा करील आणि शिव्या घालील. तशी तयारी करून गेलो होतो. तिने आतनं प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली आणि मला दिली. स्वतः पायरीवर बसली. मी म्हटलं, वहिनी, मी पण खाली बसतो. तर म्हणाली, नाय भावोजी, तुम्ही मोठे झालाव, वर बसा. मग चहा आणला."

"आणि तुम्ही?"

"प्यायलो. खुर्चीवर बसून चहा प्यायलो आणि आलो. सांगितलंच नाही काही." ते टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिले. "तिला माहीत असेल का हो, मॅडम? गणपतने सांगितलं असेल? का नसेल सांगितलं त्याने? तिच्या तोंडाकडे बघून कळेना मला."

माझ्याकडे शिकवायला दोन रकाने होते, त्यात याचं उत्तर कुठेच नव्हतं. मी एवढंच विचारलं, मी लिहू का हे? आमच्या दिवाळी अंकात? ते म्हणाले, "लिहा. माझं नाव बदला नाहीतर नका बदलू, तुमची मर्जी. त्याचं बदलू नका. आणि एक अंक वहिनीला पाठवा. तिचा नातू वाचून दाखवील." ईशाच्या आईला त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, मग जेवायला वाढलं, असं ते म्हणाले.

तर ही ती फाडलेली चार पानं, मला आठवतील तशी. छापायला देण्याआधी मी मजकूर ईशाला फोनवर पाठवला. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, आणि ती वाचेल की नाही हेही मला माहीत नव्हतं. तीन दिवसांनी तिचा निरोप आला. इंग्रजी अक्षरांत मराठी, मध्ये मध्ये इंग्रजी, आणि मी तिचे निबंध तपासायचे तशा एकाखाली एक दुरुस्त्या.

बसमध्ये चाळीस जण नव्हते, अडतीस होते. थंड पाण्याचं मशीन चार नाही, सहा दिवसांनी आलं. एकट्या गणपतकाकांना परत पाठवलं नाही, आणखी दोघे होते, त्यांची नावं बाबांना आठवत नव्हती म्हणून बाबा जास्त रडले. आणि शेवटची दुरुस्ती अशी, की गणपतकाका हिंदीबद्दल काहीच बोलले नव्हते. ते म्हणाले होते, "तू गेलास काय नि मी गेलो काय, एकच."

वरचा मजकूर मी बदललेला नाही. चुका माझ्या आहेत, त्या दिसू देत. ते वाक्य तेवढं मी आंब्र्यांना फोन करून वाचून दाखवलं. ते साइटवर होते, मागे मशीनचा आवाज येत होता.

मग म्हणाले, "हां. असंच म्हणाला होता." आणि फोन ठेवता ठेवता, "म्हणजे पोरीकडे आहे ते सगळं."